मागे राहिलेलं रक्त

सरदार रायाजीरावांच्या कबुतरखान्यात एकच कायदा होता. शर्यतीतून जो पक्षी आधी परतेल त्याचा वंश वाढवायचा. जो मागे राहील त्याची मान मुरगळायची आणि त्याची अंडीही फोडायची.

त्या साली करडी मादी तिसऱ्या दिवशी परतली. ससाण्याने तिची छाती फाडली होती, तरी ती आली होती.

"रक्तच हलकं," सरदार भरल्या सदरेत म्हणाले. "दादू, मुरगळ मान!"

दादू मुजावराची हयात कबुतरांच्या जोड्या लावण्यात गेली होती. त्याने मादीला छातीशी धरलं.

"मुरगळतो, सरकार. फक्त कायदा समजू द्या. जो आधी घरी येतो, त्याचं रक्त चांगलं?"

"अलबत!"

"गेल्या लढाईतून सगळ्यांच्या आधी आपण घरी आलात. माझा लेक अमीन अजून आलेला नाही. त्याच्यात आणि आपल्यात हलकं रक्त कुणाचं, तेवढं सदरेला सांगा. लगेच मुरगळतो."

सदरेतल्या कित्येकांची मुलं त्या लढाईतच राहिली होती. सरदार उठून आत गेले.

दादूने मादीला खुराड्यात सोडलं. तीन दिवस एकटाच अंडी उबवणारा नर बाजूला सरकला आणि ती अंड्यांवर बसली.