ओल्या मातीतलं बीळ

फार पूर्वी, डोंगराला वणवा लागला त्या वर्षीची गोष्ट. एक साळिंदरीण आपल्या पिल्लाला घेऊन तळ्याकाठच्या म्हाताऱ्या कासविणीकडे आली. दुखावलेले प्राणी तिच्याकडे मन मोकळं करायला येत. पिल्लाचा धाकटा भाऊ वणव्यात गेला होता आणि तेव्हापासून पिल्लू बोलेनासं झालं होतं.

कासविणीने पिल्लाला काहीच विचारलं नाही. ती त्याच्याबरोबर ओल्या मातीत खेळत बसली.

"आजी, काल त्या म्हाताऱ्या गव्याचं तुम्ही दिवसभर ऐकून घेतलंत," साळिंदरीण म्हणाली. "माझ्या लेकराला मात्र एक शब्दही विचारत नाही."

"गव्याला शब्द सापडत होते, बाई. याला अजून सापडत नाहीत. हा काय करतोय ते बघ."

पिल्लाने मातीचं बीळ केलं होतं. आत लहान खडा होता, बाहेर मोठा. मोठा खडा ते पुन्हा पुन्हा आत ढकलत होतं.

"मी परत आत जायला हवं होतं," ते हळूच म्हणालं.

साळिंदरिणीने त्याला जवळ ओढलं. "मीच तुला धरून ठेवलं होतं रे."

पिल्लू रडून रडून झोपलं. मग कासवीण साळिंदरिणीजवळ सरकली. तिच्यापुढे तिने माती ठेवली नाही.

"आता तू बोल," ती म्हणाली. "मी ऐकतेय."