केरबाला बघायला येतात

एका गावात एक भोळा गडी होता, केरबा. गाव कोल्हापूरकडचं. केरबाच्या डोक्यावर लालभडक फेटा आणि ओठावर खराट्याएवढी मिशी. त्याची बहीण अनसाक्का लग्न होऊन सातासमुद्रापलीकडं गेली होती. तिची लेक सगुणा उजवायची ठरली, म्हणून मामाला बोलावणं आलं.

केरबा बोटीतून उतरला. त्या मुलखात सगळ्यांचे केस मक्याच्या कणसासारखे, आणि फेटा-मिशी कुणी जन्मात पाहिलेली नाही. केरबाभोवती ही गर्दी जमली. सगळे टकामका बघायला लागले.

केरबाला वाटलं, इथं काहीतरी भारी आहे. आपणही बघावं. तो गर्दीच्या मागं गेला. गर्दी वळली. तो परत मागं गेला. गर्दी परत वळली. अनसाक्का घ्यायला आली तेव्हा केरबा घामाघूम.

"आक्का, ह्यांना काय दिसतंय ते मलाच दिसंना."

"अरे खुळ्या, ते तुलाच बघतायत!"

"मग आधी सांगायचं की! पळालो नसतो."

अनसाक्का म्हणाली, "नवख्या माणसाला लोक बघणारच. कुणी बघितलं की थांबावं, हसावं, हात जोडावेत."

दुसऱ्या दिवशी केरबा गल्लीत फिरायला निघाला. समोरून वासराएवढं कुत्रं आलं आणि त्याच्याकडं रोखून बघू लागलं. केरबा थांबला. हसला. हात जोडले. कुत्र्यानं धोतर धरलं. केरबा आणखी हसला. कुत्रं धोतर घेऊन गेलं, आणि केरबा फेटा तेवढा सावरत घरी आला. त्या दिवशी तर गर्दीनं कहरच केला.

अनसाक्कानं कपाळ बडवलं. "अरे, असं कुणी अंगावर आलं तर काठी उगारावी आणि 'हाड!' म्हणून ओरडावं."

"बरं."

तिसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी पाहुण्याला भेटायला आली. त्या मुलखाची रीत अशी, की भेटलं की गळ्यात पडायचं. ती हात पसरून पुढं आली. केरबानं काठी उगारली.

"हाड!"

म्हातारी कुंपणावरून उडी टाकून गेली. तिला उडी मारता येते हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"अरे बाबा," अनसाक्का रडकुंडीला आली, "तुझी मिशी बघूनच बायका अर्ध्या होतात. बाईमाणूस आलं की फेट्याचा शेव तोंडावर ओढ, मान खाली घाल आणि विचारतील तेवढंच हळू बोल. आणि उद्या नीट वाग. उद्या बघायला येणार आहेत. हे स्थळ हातचं गेलं तर ह्या मुलखात दुसरं मराठी स्थळ नाही."

"येऊ देत. रोजच येतात," केरबा म्हणाला.

चौथ्या दिवशी पाहुणे आले. नवरामुलगा यशवंता, आणि त्याला सांभाळणारी काकू. काकूला जवळचंही अंधुक दिसायचं. यशवंता लाजरा, नजर जमिनीला खिळलेली. अनसाक्का आत सगुणाच्या वेणीत फुलं माळत होती. बाहेर पाट मांडलेला होता.

बघायला आलेत म्हटल्यावर केरबा पाटावर बसला. बाईमाणूस दिसलं. त्यानं लाल शेव तोंडावर ओढला आणि मान खाली घातली.

काकू खूश झाली. "नाव काय गं बाळ?"

"केरा म्हणतात," केरबा हळू बोलला.

"स्वयंपाक?"

"भाकरी करतो. मटण करतो."

काकूच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऐकलंस का रे? 'करतो' म्हणते! आमच्या कोल्हापूरच्या पोरी अश्शाच बोलतात. किती वर्षांनी कानावर पडलं! हाडानंही दणकट दिसते. मला पसंत आहे. आता हिला घरीच घेऊन जाते."

तिनं पुढं होऊन चाचपडत कुंकू लावलं. मांडीवर नारळ आणि खण ठेवला.

यशवंताला जमिनीकडं बघता बघता समोरची पावलं दिसली. भेगाळलेल्या टाचा. वर केसाळ पोटऱ्या. तो उठला आणि दारात जाऊन पुढची बोट कधी सुटते ते विचारू लागला.

एवढ्यात अनसाक्का सगुणाला घेऊन बाहेर आली. सगुणाच्या हातातलं पोह्यांचं ताट खाली पडलं.

केरबानं शेव वर केला. कुंकू नाकापर्यंत ओघळलेलं.

"आक्का," तो म्हणाला, "इथं आल्यापासून एवढ्या जणांनी बघितलं. पण घरी घेऊन जातो म्हणणारे हेच पहिले!"