सासवांचा हादगा

शेरीकवठ्याला दसऱ्याच्या आसपास कधी आलात, तर गावात सून शोधूनही सापडणार नाही. चुलीपाशी सासू, पाणवठ्यावर सासू, बाजारात भाजी निवडतेय तीही सासूच. आणि उन्हं कलली की या साऱ्या जणी गुडघे धरत, एकमेकींना टोमणे मारत मोठ्या तळ्याच्या बांधाशी जमतात आणि फेर धरतात. इतर गावांत हादगा पोरी खेळतात, मधे पाटावर हत्ती काढलेला असतो. इथे फेर म्हाताऱ्यांचा. मधे हत्ती नाही, पाट नाही, नुसती मोकळी माती. पाहुणे हसतात. हसू द्यावं त्यांना, गोष्ट ऐकली की हसू आपोआप मावळतं.

गोष्ट फार जुनी. तेव्हा राज्य कुणाचं होतं हे कोणी सांगत नाही, पण गोजराबाईचं नाव पोरासोरांनाही ठाऊक आहे. खालच्या आळीत, बांधाला लागूनच तिचं घर. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा आणि त्याची बायको येसू. गोजराबाई वाईट होती असं कोणी म्हणत नाही. तिची सासू तिच्याशी जशी वागली, तशीच ती सुनेशी वागत होती. तिला स्वतःला वर्षानुवर्षं माहेर दिसलं नव्हतं, मग सुनेला ते दिसावं अशी घाई तिला कशाला असेल?

घट बसायच्या सुमाराला बांगड्या भरणारा कासार येसूच्या माहेरचा निरोप घेऊन आला. आईनं अंथरूण धरलंय, तिचे डोळे दाराकडे लागलेत, लेकीला धाडा. येसूनं विचारलं, "आत्याबाई, जाऊन येऊ का माहेरी?"

"घट बसू देत, मग बघू," गोजराबाई म्हणाली.

घट बसले. येसूनं पुन्हा विचारलं. तेव्हा माळ चढवायला घरात कोण आहे, असं झालं. मग दसरा आडवा आला. सासूला कारणं कधी कमी पडत नाहीत. असं सांगतात की येसू रडली नाही, भांडली नाही, पण विचारायचंही तिनं सोडलं नाही.

आता घटाचं सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच फुटलं. घटात धान्य पेरायला माती लागते. ती तळ्याच्या बांधाचीच घ्यायची, असा शेरीकवठ्याचा रिवाज होता. त्या मातीत घट तरारून येतो म्हणे. घरटी एक टोपली, तीही बांधाच्या बाहेरच्या अंगाला, एकाच जागेची. पहिली टोपली भरायचा मान गोजराबाईच्या घराचा. पिढ्यान्पिढ्या अशा टोपल्या निघाल्या आणि बांधाच्या पोटात माणूस बसेल एवढा खळगा पडला. तो दिसत सगळ्यांना होता. पण देवाच्या कामाला नेलेल्या मातीनं कधी वाईट होतं का, असं म्हणून जो तो आपली टोपली भरून घरी जायचा. या भक्तीला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

त्या वर्षी दसऱ्याला गावातले झाडून सारे पुरुष भैरोबाची पालखी घेऊन नदीपलीकडच्या टेकडीवर गेले. ते पलीकडे पोचले आणि हस्ताचा पाऊस कोसळला. नदी काठ सोडून धावू लागली. गावात उरल्या बाया, लेकरं आणि अंथरुणावरची माणसं. गोजराबाई परसात आली, तर खळग्यातून पाण्याची धार लागलेली, गढूळ आणि मनगटाएवढी जाड. वर तळं काठोकाठ भरलेलं आणि खाली सगळी आळी.

तिनं हाका मारून बायांना गोळा केलं. अर्ध्या जणी लेकरांना, म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन देवळाच्या उंचवट्याकडे निघाल्या. वाट एकच, तीही चिखलाची. एक बाळंतीण होती, तिला बाजेवरून न्यावं लागलं. उरलेल्या बायांनी खळगा बुजवायला हाताला येईल ते घातलं. दगड घातले, गोधड्या कोंबल्या, कुणी दाराची फळी आणली. गोजराबाईनं घरातलं जातं लोटत आणून घातलं. पाण्यानं सगळं भिरकावून दिलं. धार आता मांडीएवढी झाली होती. "आई जगदंबे, आता गं काय करू?" म्हणून गोजराबाई कपाळ बडवून घेऊ लागली.

तेवढ्यात येसूनं पदर खोचला आणि ती त्या खळग्यात शिरली. धारेला पाठ लावून बसली, पाय समोर रोवले आणि धार तुटली.

"बघत काय बसलाय? टाका की माती!" ती ओरडली.

बायांनी माती टाकली. पण नुसती टाकलेली माती वाहून जाते, ती तुडवावी लागते. तेव्हा त्यांनी येसूभोवती फेर धरला. पाय एका ठेक्यात पडावेत म्हणून हादग्याची गाणी म्हणायला लागल्या. टोपली टाकायची आणि तुडवायची. माती येसूच्या कमरेपर्यंत आली, मग छातीपर्यंत. पावसानं गाण्याचे शब्द तोंडातच विरत होते. गोजराबाई त्या फेरात होती. आपल्या पायांनी आपण काय करतोय, हे तिला कळत होतं, आणि पाय आवरता येत नव्हते.

येसूचे ओठ काळेनिळे पडले. पाठीशी तळ्याचं गार पाणी, अंगावर गार माती. तिला भ्रम झाला असावा. तिनं मान वर केली आणि रोजच्यासारखंच विचारलं, "आत्याबाई, जाऊ का आता माहेरी?"

गोजराबाईच्या तोंडाशी "जा" आलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा आलं. तिनं देवळाच्या वाटेकडे पाहिलं. बाज अजून वाटेतच होती, मागून लेकरांची रांग होती. येसू हलली तर सगळी जातील.

"थांब, बाळा," ती म्हणाली. "जरा थांब."

फेर चालू राहिला. येसूनं पुन्हा विचारलं. गोजराबाईनं पुन्हा तेच सांगितलं. ती रडत होती, शिव्या देत होती, देवाला, पावसाला, स्वतःला. माती येसूच्या गळ्यापर्यंत आली. मग येसूनं विचारलं नाही. दमली असेल, डोळा लागला असेल, असं बायांनी एकमेकींना सांगितलं आणि जोरानं पाय आपटले.

सूर्य मावळायच्या आत पाऊस ओसरला. देवळाकडून हाळी आली की सगळी वर पोचली. गोजराबाई खाली बसली, येसूचा चेहरा ओंजळीत धरला आणि म्हणाली, "जा गं माझी बाय. जा आता, जितकं दिस ऱ्हायचं तितकं ऱ्हा."

येसूची मान त्या ओंजळीतच कलंडली.

बायांनी हातांनी माती उकरून तिला बाहेर काढलं. आता पाणी फुटेल म्हणून सगळ्या भरल्या टोपल्या धरून उभ्या राहिल्या. एक थेंबही आला नाही. तिच्या पाठीमागची माती दगडासारखी घट्ट बसली होती. ती कधी बसली, हे कुणालाच सांगता येईना. शेवटच्या टोपलीला बसली असेल, किंवा येसूनं पहिल्यांदा विचारलं तेव्हाच बसली असेल. गोजराबाईनं त्या मातीवर डोकं आपटून घेतलं, असं सांगतात.

नदी उतरल्यावर पुरुष परत आले. पोरानं मसणवटीची तयारी चालवली, तेव्हा गोजराबाई आडवी आली. "मी तिला माहेरी जा म्हनलंय," ती म्हणाली. बैलगाडी जुंपायला लावून तिनं येसूला माहेरी नेलं. आजारी आई दारापर्यंत सरपटत आली. व्याह्यांच्या अंगणात गोजराबाईनं पदर पसरला. पण मागायचं काय, हे तिला सुचेना.

पुढच्या वर्षी हस्त लागायच्या आधी ती शेरीकवठ्यात दारोदार फिरली आणि हस्तात सुनेला माहेरी जाण्यापासून अडवायचं नाही, अशी प्रत्येक सासूकडून देवीच्या पायावर शपथ घेतली. सुना गेल्या. हस्त लागला तेव्हा म्हाताऱ्यांनी बांधाशी फेर धरला, मधे येसूची जागा सोडून. घटाला त्या बांधाची माती पुन्हा कुणी नेली नाही.

आजही इथली सून हस्तात माहेरी जाताना विचारत नाही. पिशवी भरते, उंबऱ्याबाहेर पडते. मागून सासू डबा घेऊन धावत येते. सून पुढे निघून गेलेली असते, एसटीचा भोंगा वाजत असतो, डबा राहतो की काय असं होतं. तरी म्हातारी धापा टाकत नुसती पळत राहते. "थांब" असं काही तिच्या तोंडून निघत नाही.