हैबतीनानांचा पाळणा

फार फार वर्षं झाली. आमच्या सोनखिंडीत तेव्हा घरटी एक माणूस पलटणीत असायचा. त्यातलाच हैबती पिसाळ पहिल्या महायुद्धावर गेला आणि वर्षभरात तो पडल्याची तार आली. गावानं रडूनभेकून दहावं केलं. नदीकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. बायकोची, ठकूची काळजी असेल म्हणून भावांनी तिला सांभाळायचा शब्द दिला. तरी कावळे झाडावर ढिम्म बसून राहिले. शेवटी दर्भाचा कावळा शिववून मंडळी घरी आली. कावळ्यांना सगळं ठाऊक होतं, असं म्हणतात.

कारण लढाई संपली आणि छातीपर्यंत दाढी वाढलेला हैबती चालत खिंड उतरून आला.

आता आली का पंचाईत! दहावं झालेल्या माणसाला घरात घ्यायचं कसं? भटजींनी तोड काढली, त्याला पुन्हा जन्माला घाला. मग त्या सहा फुटी गड्याला गुडघे पोटाशी दुमडून पाळण्यात घातलं. आत्यानं कानात नाव सांगितलं, गावभर घुगऱ्या वाटल्या. ठकूशी त्याचं पुन्हा लग्न लागलं. अंतरपाटापलीकडून आधी तिचं हसू थांबेना, मग रडू थांबेना.

वीस वर्षांनी दुसरं महायुद्ध आलं. गावातली सात पोरं भरती झाली. त्यांच्या आयांचे डोळे बघून हैबतीनानाही रांगेत जाऊन उभे राहिले. साहेबानं वय विचारलं, तर म्हणाले, वीस. साहेब पिकल्या मिशांकडे बघतच राहिला. तेव्हा पाटील पुढं झाले.

"खोटं न्हाई, सायेब. ह्याच्या बारशाच्या घुगऱ्या म्या खाल्ल्यात."

पुढं दूरच्या वाळवंटात सातही पोरं कोंडीत सापडली. नाना त्यांना म्हणाले, "तुमी व्हा म्होरं. म्या आलोच मागनं." आणि ते एकटे मागं थांबले. समोर अख्खी पलटण आहे असंच शत्रूला तीन दिवस वाटत होतं, असं म्हणतात.

सातही पोरं घरी आली. नानांची तेवढी तार आली. भाऊबंद दहाव्याचं बोलू लागले. तशी ठकू उठली, माळ्यावरचा पाळणा काढला आणि मारुतीच्या देवळात टांगला.

"मागल्या खेपेला घाई केली," ती म्हणाली. "आता दहावं न्हाई. मी वाट बघती."

कपाळावरचं कुंकू तिनं मरेपर्यंत पुसलं नाही.

पाळणा अजून तिथंच आहे. गावचा जवान खिंडीत पोचला की तो आपोआप हलतो, असं म्हणतात. मी काही पाहिलेलं नाही, पण माझा त्यावर विश्वास आहे. सुट्टीवर आलेला जवान आधी देवळात जातो आणि गुडघे दुमडून पाळण्यात बसतो. आत्या कानात नाव सांगते. मग गावातली सगळ्यात म्हातारी बाई विचारते, "हैबती भेटला का रं वाटंत?"

"भेटला," त्यानं म्हणायचं असतं. "येतोय मागनं."

मग एक वाटी घुगऱ्या नानांसाठी झाकून ठेवतात आणि त्यानंतरच तो जवान आपल्या घरी जातो.