थाळी वाजेपर्यंत

नदीच्या अगदी काठावर प्राणिसंग्रहालय बांधणं लोकांना शहाणपणाचं वाटायचं, त्या काळातली ही गोष्ट. तिथल्या एका पिंजऱ्यात अस्वल राहायचं. रखवालदाराने खाण्याची थाळी बडवल्याशिवाय उघड्या दारातूनही बाहेर पडायचं नाही, हे त्याला पक्कं शिकवलेलं होतं.

एकदा मोठा पूर आला. रखवालदाराने सगळे पिंजरे उघडले, थाळी पिंजऱ्याच्या छपरावर टाकली आणि पळ काढला. हरणं टेकडीवर गेली. अस्वल आतच बसलं. पाणी त्याच्या पोटाला लागलं.

"अस्वलभाऊ, दार उघडं आहे!" कावळा ओरडला.

"दिसतंय. पण थाळी कुठे वाजली?"

"अरे, बुडशील!"

"कावळेबुवा, तुम्ही बाहेरचे. तुम्हाला इथली शिस्त नाही कळायची."

पाणी गळ्याशी आलं. कावळ्याने वैतागून थाळी उचलली, टेकडीवर नेली आणि चोचीने बडवली. अस्वल लगेच उठलं, पोहत वर आलं आणि थाळीत डोकावलं.

"रिकामी आहे," ते म्हणालं.

"मागे बघ."

पिंजऱ्याचं छप्परही पाण्याखाली गेलं होतं. अस्वलाने पुन्हा थाळीकडे पाहिलं. मग म्हणालं, "उद्याही वाजवाल ना?"

कावळ्याने थाळी त्याच्यापुढे सरकवली. "उद्यापासून तूच वाजव."