नलूच्या करंजाची पट्टी

एक होतं शहर, आणि त्या शहरात होता एक साधा मंगळवार. फार जुना नाही बरं का. गोदूबाई ओट्याशी उभी राहून गवार फोडणीला टाकत होती. तेवढ्यात शेजारची मेहरून दारात आली. मेहरून कपडे शिवायची. ती म्हणाली, "काकू, आधी गॅस बंद करा."

गोदूबाईनं बंद केला. मग मेहरूननं सांगितलं. नलू, म्हणजे गोदूबाईची एकुलती एक लेक, झाडांना पाणी घालून रस्ता ओलांडत होती. टँकर आला. नलू गेली.

गवार कढईत तशीच राहिली.

आता ऐका. त्या शहरातले रस्ते उघडेबोडके होते. म्हणून काही माणसं दर रविवारी जमायची आणि रस्त्याच्या कडेला रोपं लावायची. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. लोक त्यांना हसून खड्डेवाले म्हणायचे. नलू खड्डेवाली होती, मेहरूनही होती. त्यांची एक रीत होती. ज्यानं रोप लावलं, त्यानंच ते काठीला बांधायचं, आपल्या अंगावरच्या जुन्या कपड्याची पट्टी फाडून. मग दरवर्षी ती सैल करायची. खोड जाड होतं ना, पट्टी काही वाढत नाही.

आणि एक नवल होतं. पाणी घालताना झाड बोलायचं. ज्याची पट्टी, त्याचा आवाज. धार थांबली की बोलणं थांबलं. मेहरूनचा कडुनिंब तर रस्त्यावरच्या माणसांनाही सोडायचा नाही. "पान खाऊन इथंच थुंकायचं होय? घरी मोरी नाही तुझ्या?" हसू नका आता, पाय पांघरुणात घ्या.

नलूचं झाड होतं करंज. त्याला तिच्या हिरव्या ओढणीची पट्टी होती. नलू गेल्यावर एकदा गोदूबाई तांब्या घेऊन तिथं गेली. झाड म्हणालं, "आई, किती हळू ओततेस." आवाज नलूचाच. मग गोदूबाई रोज जायला लागली. तिनं बारीक तोंडाची झारी घेतली. म्हणजे धार लवकर संपत नाही.

मग एक वर्ष झालं. झाड म्हणालं, "आई, पट्टी सैल कर. रुततेय."

गोदूबाई म्हणाली, "करते हं. उद्या करते."

केली नाही. कारण तिला ठाऊक होतं, दुसऱ्याच्या हातानं गाठ सुटली की जुना आवाज जातो आणि त्या दुसऱ्याचा येतो.

मग दुसरं वर्ष आलं. झाडाचा आवाज बसला. "आई, पट्टी." गोदूबाईनं शेणखत घातलं, एकाऐवजी दोन झाऱ्या ओतल्या.

मेहरून म्हणाली, "काकू, मी कापू का? तुम्ही बघूच नका तिकडं."

"हात लावून तर बघ."

"गळा आवळला जातोय त्याचा."

"माझ्या नलूची गाठ आहे ती."

"झाडही तिचंच आहे ना, काकू."

गोदूबाई झारीकडं वळली. पाणी ओतत राहिली.

मग तिसरं वर्ष आलं. पट्टी सालीत रुतून दिसेनाशी झाली. तिच्यावरचं खोड सुजलं. शेंड्याची पानं पिवळी पडली. गोदूबाईनं धार धरली, तर झाड बोललंच नाही. नुसतं घरघरत होतं. अख्खी झारी संपेपर्यंत तिनं ते ऐकलं.

मग ती मेहरूनच्या दारात गेली. म्हणाली, "कात्री दे."

मेहरून शिवण सोडून उठली. कात्री दिली, बरोबर आली आणि झाड धरून उभी राहिली. गाठ सुटण्यासारखी नव्हतीच. गोदूबाईनं सालीत कात्रीचं टोक घालून पट्टी तुकड्या-तुकड्यानं काढली. एक हिरवा तुकडा आतच राहिला. झाड वरून जड झालेलं, काठीवाचून उभं राहीना. मग तिनं स्वतःचा पदर फाडला आणि नवी पट्टी बांधली. सैल बांधली, दोन बोटं आत जातील इतकी.

दुसऱ्या दिवशी ती झारी भरून तिथं गेली आणि नुसतीच उभी राहिली.

"काकू, ऊन चढतंय," मेहरून म्हणाली.

मग गोदूबाईनं धार धरली. झाड बोललं. आवाज गोदूबाईचा होता. ते म्हणालं, "नलू, जेवलीस का गं?"

पुढं ते करंज जगलं, मोठं झालं. खड्डेवाल्यांची बाकीची झाडंही वाढली. रस्त्यावर सावली पडली आणि माणसं सुखानं त्या सावलीतून जाऊ-येऊ लागली. झालं. आता मिटा डोळे.

करंज अजून रोज तेच विचारतं. गोदूबाईनं त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.