खारीचा घाणा आणि शिसवीचा ओंडका

नदीच्या वळणावर करंजाचे दाट बन होते. त्या बनात एक खार राहत असे. मुलांनो, ही खार साऱ्या जंगलाला करंजाचे तेल पुरवायची. हरणांच्या अंगावर गोचिडी झाल्या किंवा अस्वलाच्या पायांना भेगा पडल्या, की सगळे तिच्याकडेच येत. तिचा घाणा लहानसाच होता : एक लाकडी उखळ, त्यात फिरणारी लाट म्हणजे बिया चिरडणारा जाड दांडा, आणि ती लाट ढकलायला खारीसोबत तीन उंदीर.

त्या वर्षी ऐन हंगामात उखळाला तडा गेला आणि निम्मे तेल मातीत मुरू लागले. नवे उखळ कोरायला शिसवीचा जाड ओंडका हवा होता. शिसवीची झाडे डोंगरापलीकडे. तिथून ओंडका ओढून आणण्याचे बळ खारीत कुठून येणार? तिने उखळाला वेलीचे वेढे दिले, फटीत लाख भरली आणि काम चालू ठेवले. पण रोज सकाळी उठल्याबरोबर ती तो तडा पाहायला धावायची आणि कालच्यापेक्षा तो वाढलाच आहे असे तिला वाटायचे. बिया फार दिवस पडून राहिल्या तर त्यांना बुरशी लागणार होती. घाणा थांबला तर उंदीर पोटासाठी दुसरे रान गाठणार होते. 

अशात कावळ्याने एक बातमी आणली. जे प्राणी काही वस्तू घडवतात, त्यांना सिंहाच्या दरबारातून लाकूड, दगड आणि ते वाहून आणायला हत्ती मिळणार होते. कोणाला, कसे, कधीपर्यंत, असे खारीने विचारले, तर कावळ्याला त्यातले काहीच ठाऊक नव्हते. ती मोराकडे गेली. मदत फक्त नव्याने काम सुरू करणाऱ्यांना आहे, असे मोराने ठामपणे सांगितले. सशाच्या मते तर मुदत कधीच संपली होती. खारीची काळजी दुप्पट झाली.

शेवटी ती कोल्ह्याकडे गेली. दरबारात आपली ओळख आहे, पोकळ भोपळ्यांत भरून दहा भोपळे तेल दिलेस तर अर्ज मीच लिहितो, असे त्याने सांगितले. मग तो जवळ सरकून म्हणाला, "अर्जात रोजचे शंभर भोपळे तेल निघते असे लिहू. आणि उद्यापासून घाणा बंद ठेव, उंदरांना घरी पाठव. बंद पडलेले काम पाहिले की दरबाराला दया येते." खारीला हे पटत नव्हते. पण घाबरलेल्या जिवाला आधार हवा असतो. तिने मान डोलावली.

घरी येऊन तिने उंदरांना सारे सांगितले. त्यांच्यातला वयाने मोठा उंदीर लाट ढकलता ढकलता थांबला. "ताई," तो म्हणाला, "दरबाराने नेमके काय लिहिले आहे, ते तुम्ही स्वतः वाचलेत का?"

खारीच्या ध्यानात आले. इतक्या जणांना विचारले, पण वाचले कोणीच नव्हते, तिनेही नाही. घाणा उंदरांवर सोपवून ती पहाटेच निघाली. झाडाझाडांवरून उड्या मारत दुसऱ्या दिवशी दरबाराच्या वडापाशी पोहोचली. वडाच्या खोडावर सूचना कोरलेली होती. मदत चालू असलेल्या कामालाच मिळेल. रोज जितका माल निघतो तितकाच लिहावा. हत्ती येऊन तपासेल. जे स्वतःला आणता येत नाही तेवढेच दरबार देईल, बाकीचे ज्याचे त्याने करावे. अर्जाची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती.

कोल्ह्याचे ऐकून घाणा बंद केला असता तर काय झाले असते, हे तिला आता कळले. तिने एक पान घेतले आणि लिहिले, 'उखळ धड असताना रोज चार भोपळे. सध्या दोन.' तो आकडा तिला फारच केविलवाणा वाटला. दोन भोपळ्यांसाठी कोण ओंडका देणार? तरी तिने तेच पान तिथल्या कारकून बगळ्याच्या स्वाधीन केले. परत येऊन तिने कोल्ह्याला नकार कळवला, तेव्हा तो तिला हसला.

मग सुरू झाले वाट पाहणे. पाचोळा वाजला की ती दचकून वळायची. एक दिवस कळले, की हत्ती दोर वळणाऱ्या मुंगसाकडे गेला होता. मुंगसाचा अर्ज कोल्ह्याने लिहिला होता. काम बंद, दाखवायला एक हात दोर नाही. हत्ती आल्या पावली परत गेला. खारीला बरे वाटायला हवे होते, पण तिला वाटले, हा तर आपल्यालाही असाच परत पाठवील.

बाराव्या दिवशी हत्ती आला. नेमका त्याच सकाळी तडा पार बुडापर्यंत गेला होता. हत्ती दिवसभर उभा राहून पाहत होता. खार आणि उंदीर लाट फिरवत होते, खाली ठिबकणारे तेल पानांवर झेलत होते. संध्याकाळी हत्तीने भोपळे पाहिले.

"अर्जात दोन लिहिले आहेस. आज दीडच निघाला."

 आज बिया ओल्या होत्या, असे सांगून टाकावे असे खारीच्या मनात आले. पण ती म्हणाली, "हो, महाराज. आज उखळ आणखी तडकले. उद्या कदाचित एकच निघेल. पण घाणा थांबणार नाही."

हत्तीने सोंडेचे टोक त्या फटीवरून फिरवले. "बंद काम दाखवून मदत मागणारे पुष्कळ पाहिले," तो म्हणाला. "फुटक्या उखळात तेल काढणारी तू पहिलीच."

तो निघून गेला. हो म्हणाला की नाही, ते खारीला कळलेच नाही. त्यानंतरचे दोन दिवस तिला सर्वांत कठीण गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी बनात धूळ उडाली. हत्ती शिसवीचा ओंडका ओढत येत होता. कोरायचे काम मात्र खारीचेच होते. तिने आणि उंदरांनी आठ दिवस कुरतडून नवे उखळ तयार केले. तोवर बियांचा एक ढीग बुरशीने गेला होता. बाकीच्या सगळ्या बियांचे तेल निघाले, आणि एकाही उंदराला रान सोडावे लागले नाही.

तात्पर्य : ऐकीव गोष्टींवर विसंबून चालते काम बंद करू नये, मदतीच्या अटी स्वतः वाचाव्यात आणि आपले जे आहे ते खरे सांगावे, मग ते थोडे का असेना.